शिवेवरचा दगड

प्रिय भूषण,

फोनवर बाबा शेजारी असले की तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून हे लिहून बंडू ऑटोवाल्याच्या हाती पाठवते आहे. आडोशाला जाऊन लगेच वाच.

बाबांचं मनगट बैलानं मोडलं, असं तुला सांगितलं होतं. ते मी मोडलं. आईनं शपथ घातली म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तू हैदराबादला अडकला होतास आणि तुझी मीनल आपल्या घरी तलमडुगुला, सातव्या महिन्यात, तापानं फणफणत होती. बाबांनी ताप लपवला. ओटीभरण ठरलं होतं आणि गावात कळलं असतं तर एक बाई फिरकली नसती. बायकांनी तिला घास भरवले, ती पाटावर धापा टाकत बसली. 'दम तं लागतेच पोटुशीले', असं आई सगळ्यांना सांगत राहिली.

दिवेलागणीला तिचे ओठ निळे पडले. मी तिला बंडूच्या ऑटोत घातलं, तर बाबा शिवेवर आडवे. ओटी भरली की अमावास्येपर्यंत बाईनं शीव ओलांडायची नाही, हा आपल्या घरचा नेम. काठीनं त्यांनी आधी ऑटोची काच फोडली, मग माझं कपाळ. रक्त डोळ्यांत उतरलं. मीनलला शुद्ध नव्हती, तिचा दंड धरून ते खाली ओढायला लागले. मी शिवेवरचा दगड उचलून त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. तरी सोडेनात, म्हणून पुन्हा घातला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आदिलाबादच्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या. पोटुशीला हा आजार जास्त जड जातो, आईचा ऑक्सिजन उतरला की बाळाचे हाल होतात, हे कुणालाच कसं कळलं नाही म्हणून. पोट कापून ओवी काढली, ओंजळीत मावेल एवढी. मायलेकी वाचल्या, पण थोडक्यात.

काल ओवीनं फोनवर सांगितलं, 'आत्या, आईले ताप हाय. आजोबा म्हनते, कोनाले सांगू नोको.' पुन्हा सातवा महिना, उद्या पुन्हा ओटीभरण. शेजारच्या कौशल्याबाईंना परवा कोरोनाच निघाला, हे तुलाही ठाऊक आहे. बंडू ऑटो चालू ठेवून दारात उभा आहे. मीनलला घेऊन आत्ताच्या आत्ता बस. बाबा आडवे येतील. या वेळी त्यांचा हात तू धर. मीही इकडं माझ्या घरून, गुडीहत्नूरहून निघाले आहे, आणि तो दगड अजून तिथंच पडलेला आहे.

तुझीच,
नीलिमाताई