धुराड्यातले भाडेकरू

स्टेट कॉलेज, ८ एप्रिल २०२५

चि. मैत्री हिस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच बोलता येत नाही.

या स्टेट कॉलेज गावातली थंडी सरली. लाकडाच्या स्टोव्हमधला शेवटचा विस्तव परवा विझू दिला, काल राख उपसली. स्टोव्हच्या दाराची काच ओल्या वर्तमानपत्राला राख लावून घासली, तुझे बाबा घासत तशी. दाराच्या कडेची धूर अडवणारी दोरी अजून घट्ट बसते का, हे पाहायला दारात कागद अडकवून ओढायचा असतो. तू ठेवून गेलेलं घरविक्रीच्या एजंटबाईंचं गुळगुळीत माहितीपत्रक त्याला उत्तम निघालं. फाटलं, पण सुटलं नाही.

उरलं धुराडं. जानेवारीच्या वादळात त्यावरची टोपी उडाली. बावीस तारखेला धुराडी साफ करणारा वॉल्टर येईल, आतली काजळी खरवडेल आणि नवी टोपी बसवेल. मग थंडीपर्यंत त्याच्याकडे बघायला नको.

आता घराचं. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू घर विकण्याचा विषय काढलास, तेव्हा मी बघू म्हणाले. तेवढ्यावर तू एजंट नेमलीस आणि गिऱ्हाईकही आणलंस. मी सही केलेली नाही. मी अजून बघतेच आहे.

जावईबापू अतुलला जय भीम सांग. लोभ भरपूर ठेव, घाई थोडी कमी.

तुझी आई

जर्सी सिटी, १९ एप्रिल

प्रिय आई,
सविनय जय भीम.

तुझं पत्र अतुलने मोठ्याने वाचलं आणि माहितीपत्रकापाशी तो इतका हसला, की मला त्याचाच राग आला. इथे जयंतीच्या कार्यक्रमात सगळ्या काकूंचा एकच प्रश्न होता, कमलाताई एकट्या कशा राहतात? मी काय उत्तर देऊ, सांग.

एक सांगते, चिडू नकोस. वॉल्टरची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. गिऱ्हाइकाला स्टोव्ह नकोच आहे. जूनमध्ये त्यांची माणसं येऊन तो काढणार. मग धुराडं साफ कशाला करायचं? शिवाय तू त्या माणसाची शिडी धरून उभी राहणार, हे मला माहीत आहे.

आई, जानेवारीत तुमचे लाइट गेले, फोन बंद, रस्ते बंद. मी दोन दिवस ऑफिसमध्ये बसून नुसता तुझा नंबर लावत होते. तू आहेस की नाहीस, हेच कळत नव्हतं. ते मला परत नको. इथे तुझी खोली तयार आहे, स्टेशन समोर आहे, हीटिंग आपोआप चालू होतं. लाकडं नाहीत, राख नाही.

माझ्यावर माया कर, आणि एकदा तरी माझं ऐक.

तुझी मैत्री

स्टेट कॉलेज, २४ एप्रिल

मैत्री,
जय भीम. सप्रेम हा शब्द या वेळी मुद्दाम गाळला आहे.

तुझं पत्र तेवीस तारखेला पोचलं. बावीस तारखेला मी खोलीभर जुन्या चादरी अंथरून, आधणाचं पाणी ठेवून वॉल्टरची वाट पाहत बसले होते. शेवटी त्याला फोन केला, तर तो म्हणाला की तुमच्या मुलीने येऊ नका म्हणून कळवलं. परक्या माणसाकडून हे ऐकताना मला कसं वाटलं असेल, याचा विचार तूच कर.

काजळी म्हणजे नुसती घाण नव्हे. मी नागपूरला केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं ते भिंतीवर प्रमाणपत्र टांगायला नाही. उन्हाळ्याची दमट हवा लागली की त्या काजळीत आम्ल तयार होतं. ते धुराड्याचे सांधे खातं आणि घरभर जळका, आंबूस वास सुटतो. म्हणून विस्तव विझला की लगेच साफसफाई करायची, पुढच्या थंडीची वाट पाहायची नाही. गिऱ्हाइकाला स्टोव्ह नको असेल. पण माझ्या घरातली कुठलीही वस्तू घाणेरडी बाहेर जाणार नाही.

वॉल्टरला आता जूनपर्यंत वेळ नाही. तोवर धुराडं आभाळाकडे आ वासून उघडं राहणार. हे तुझं काम.

काकूंना सांग, एकटी राहते ती मजेत राहते आणि थंडीत स्टोव्हवर वांगं भाजून भरीत खाते. शिडी मी धरत नाही. वॉल्टर धरू देत नाही.

लोभ आटलेला नाही. सध्या एवढंच.

आई

स्टेट कॉलेज, ९ जून

चि. मैत्री हिस,
सप्रेम जय भीम. शब्द परत आला आहे. का, ते वाच.

शुक्रवारी वॉल्टर आला. खालून धुराड्यात दिवा टाकून त्याने वर पाहिलं, मग आवाज न करता मलाही बोलावलं. आत पाकोळ्यांनी घरटं केलंय. भिंतीला अर्धी बशी चिकटवावी तसं, काड्या आणि थुंकी यांचं. त्यात अंडी आहेत. या पाखरांना इथे कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लं उडेपर्यंत ब्रश घालायचा नाही, स्टोव्ह हलवणं तर दूरच. वॉल्टरने ब्रश गाडीत टाकला, आल्याचा चहा घेतला आणि ऑगस्टअखेर येतो म्हणाला.

एजंटबाईंना मीच कळवलं. त्या म्हणाल्या, काहीतरी मार्ग काढू. मी म्हटलं, पाखरांशी बोलून घ्या. गिऱ्हाइकाला जुलैत राहायला यायचं होतं, ते आता दुसरं घर बघताहेत.

यात माझा काही हात नाही. मी वेळेवर धुराडं साफ करून टोपी घालणार होते. पाखरांना दार उघडं ठेवलंस ते तू. बाबा असते तर त्यांनी पाकोळ्यांच्या वतीने तुला आभाराचं पत्र धाडलं असतं.

पिल्लू खाली पडू नये म्हणून नळीतली झडप लावून ठेवली आहे. वास सुटला आहे, सांगितला होता तस्साच. एकदा येऊन घेऊन जा.

लोभ वाढता असू दे, आमच्या बिऱ्हाडासारखा.

तुझी आई

जर्सी सिटी, १५ जुलै

प्रिय आई,
सविनय जय भीम.

सुखरूप पोचलो. अतुलचा शर्ट दोनदा धुतला तरी वास जात नाही. तू बरोबर होतीस, हे मी एकदाच लिहिणार आहे.

मी तुला समजवायलाच आले होते, तुला ते दिसलंच असेल. पण शनिवारी स्टोव्हपाशी बसले आणि धुराड्यात एकदम गडगडलं. मी दचकले, तर तू मान वर न करता म्हणालीस, आई चारा घेऊन उतरली. आणि मग त्या पिल्लांचा कल्ला! अतुलने रेकॉर्ड केलाय, मीटिंगच्या आधी ऐकतो.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. तू बाजारात गेलीस तेव्हा समोरच्या कॅरल आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की थंडीत उठल्यावर त्या आधी तुझ्या धुराड्याकडे बघतात. धूर दिसला म्हणजे कमला उठली. नाही दिसला तर येऊन दार वाजवायचं. बाबा गेल्यापासून तुमचं हे ठरलंय म्हणे. वादळाच्या दोन्ही दिवशी धूर होता. मी इथे नंबर लावत बसले होते आणि त्यांना खिडकीतून दिसत होतं, की तू ठीक आहेस. नेमका तोच स्टोव्ह मी काढायला निघाले होते.

हे मला का नाही सांगितलंस?

एजंटला नाही म्हणून कळवू का? तू म्हणशील तसं. पण कॅरलचा नंबर मला पाहिजे.

रागावलीस तरी माया सोडू नकोस.

तुझी मैत्री

स्टेट कॉलेज, ३० ऑगस्ट

चि. मैत्री हिस,
सप्रेम जय भीम.

का नाही सांगितलं? तू दर वेळी विचारलंस की आई, इकडे कधी येतेस. तिथे कशी राहतेस, हे कधी विचारलंच नाहीस.

पिल्लं उडाली. काही दिवस संध्याकाळी सगळी छपरावर गोल फिरून आत शिरत, मग एकदा शिरलीच नाहीत. गुरुवारी वॉल्टर आला. बादलीभर काजळी निघाली. सांधे एका बाजूने खाल्ले गेले होते, ते त्याने बुजवले आणि टोपी बसवली. स्टोव्हचं दार बोटभर उघडं ठेवलंय, हवा खेळावी म्हणून. लाकडं आली, कॅरलने आणि मी रचली. तिने वाकडी रचली, मी परत रचली.

एजंटबाईंना तू कळवायची गरज नाही. मी कळवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात पाहू या का? मी पुढच्या उन्हाळ्याचा बेत सांगितला. विस्तव विझला की वॉल्टर लगेच येईल, काजळी काढेल आणि टोपी उतरवून ठेवेल. पाकोळ्या जुन्या जागी परततात म्हणे, आणि भाडेकरूंना घराबाहेर काढणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणजे पुढचा उन्हाळाही गेला आणि त्याच्या पुढचाही.

कॅरलचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. पहिली थंडी पडली की सकाळी तिला फोन कर आणि विचार, धूर दिसतो का.

दिसेल.

लोभ आहे तसाच तापता ठेव.

तुझी आई