मारुतीच्या हाताचा करार

मी, डॉ. नसीम अबरार शेख, वय ६७, निवृत्त पशुवैद्यक, राहणार अंबाजोगाई, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. दबावाखाली मी उभ्या हयातीत आले नाही; आता कशाला सुरुवात करू?

१. घर व बँकेतील ठेव माझा एकुलता वारस, भाऊ ख्वाजा, यास शरियतप्रमाणे जाईलच. त्यासाठी कलमाची गरज नव्हती. पण हा गृहस्थ आयुष्यभर जेवायला दस्तरखानावर बसण्याआधी माझा उजवा हात हुंगून पाहत आला. गायीच्या मागून खांद्यापर्यंत हात घालून गर्भ तपासणारी बहीण त्याच्या नशिबी होती, त्याला मी काय करू? सबब माझी अत्तराची बाटली त्यास द्यावी. त्याने ती स्वतःच्या नाकाला लावावी.

२. गमबूट व लशींची शीतपेटी भाची तरन्नुम हिला. ही ख्वाजाची मुलगी, केज तालुक्यात सरकारी पशुवैद्यक आहे. बूट तिला मोठे होतात. आत कापूस कोंबावा.

३. कपाटातील काचेची बरणी. हिच्यात वानराचा उजवा हात आहे. माझ्या तरुणपणी घाटनांदूरजवळच्या एका वस्तीवर विजेच्या तारेला चिकटून वानर मेले. लोक त्याला गुलाल लावून, भजन म्हणत मातीला निघाले होते. मला प्रबंधासाठी हाताचे मज्जातंतू पाहायचे होते, म्हणून मी आडवी गेले. सगळे खवळले. वस्तीवरचे आश्रुबा केंद्रे तेवढे शांतपणे म्हणाले, "मारुतीचा हात न्हेता, तर तुमचा हात आमच्या गायींना लागंल. जलमभर. हाय कबूल?"

मी म्हणाले, "कबूल."

वनखात्याची परवानगी काढली, ती बरणीसोबत आहे. तेव्हा त्या वस्तीवर गायी सातव्या महिन्यात गाभडत होत्या आणि लोक नजर लागली म्हणत होते. मी रक्त तपासले, सांसर्गिक गर्भपाताचा रोग निघाला. कालवडींना लस टोचली, दूध उकळूनच प्यायला लावले. हळूहळू गोठे वासरांनी भरले. वानराच्या हातात ज्या तंतूंचा मी माग काढला, तसल्याच तंतूंच्या जोरावर माझ्या बोटांना पोटातले वासरू कळत होते. नोकरीत इतकी मजा फार थोड्यांना येते.

आता माझी बोटे बधिर झाली आहेत. सबब बरणी वस्तीला परत करावी, म्हणजे करार सुटेल. करार पुढे चालवशील का म्हणून तरन्नुमला विचारले, तर ती स्पष्टच म्हणाली, "फुप्पी, मेलेल्या वानरापायी मी कावून बांधून घेऊ?" तिचे बरोबर आहे.

४. वरील शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. काल आम्ही दोघी बरणी घेऊन वस्तीवर गेलो. आश्रुबांनी बरणीकडे पाहिलेसुद्धा नाही. "परत घेतली तर तुमी येनं बंद करताल. न्हाई घेत."

बोटांत काही राहिले नाही म्हटले, तर त्यांनी चंद्री गाय पुढे केली. ही दर खेपेला उलटणारी, म्हणजे गाभच न धरणारी. मी हात घातला, काही कळेना. मला रडू आले. तेवढ्यात तरन्नुमने मोजा चढवला. हात खांद्यापर्यंत आत घातला. मग ओरडली, "फुप्पी, हाय! वासरू हाय!"

आश्रुबा गुलाल आणायला पळाले, वय विसरून. ते आले तेव्हा, मोजा न काढताच, तिने विचारले, "आजोबा, करारात माझा हात चालंल का?"

"वानराचा चालला," आश्रुबा म्हणाले, "तुमचा कावून न्हाई चालनार?"

सबब बरणी तरन्नुमची. मी तिच्या गळ्यात बांधलेली नाही, तिने मागून घेतली.

५. चंद्री व्याल्यावर खरवसाची पहिली वाटी मला मिळावी. त्याआधी मरण्याचा माझा विचार नाही.

अंबाजोगाई, १४ डिसेंबर २०२५
(सही) नसीम अबरार शेख

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांसमोर, हसत हसत सही केली. साक्षीदार:

१. विमलबाई राम गित्ते, शेजारीण (सही)

२. आश्रुबा त्रिंबक केंद्रे (अंगठा, गुलालाचा. शाईचे पॅड समोर असूनही ऐकले नाही.)