हॉलवर फक्त तुमचं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे. काल आपल्या जुन्या वसाहतीतल्या हॉलला तुमचं नाव दिलं. हे गाव ज्यांनी वसवलं त्यांतले तुम्ही एक, असं कौन्सिलच्या बाई म्हणाल्या. मला मात्र आपला तिथला पहिला हिवाळा दिसत होता.

आपण लंडन सोडून मिल्टन कीन्सला, या नव्याने वसणाऱ्या गावात, आलो तेव्हा अख्ख्या रस्त्यावर तीनच घरांत दिवे होते. पुढे नुसता चिखल. बस नाही, दुकान नाही, घरात फोनसुद्धा नाही. आई म्हणते, "लंडनला परत जाऊ या. इथे बोलायला माणूस नाही." तुम्ही बूट चढवत म्हणता, "कोणीतरी पहिलं यायलाच हवं ना?" आणि मीटिंगला जाता. कधी बससाठी, कधी शाळेसाठी, कधी या हॉलसाठी. नवीन कुटुंब आलं की गाडीतून गाव दाखवायला तुम्ही, आणि त्यांच्यासाठी रांधायला आई. तिने गाडी शिकवा म्हटलं, तर म्हणालात, "तुला कुठे जायचंय?"

त्या फेब्रुवारीत तिला सहावा महिना होता. दुपारी तिच्या पोटात कळा यायला लागल्या. सात वर्षांची मी चिखलातून धावत हॉलच्या जागेवर आले. तुम्ही चार लोकांना नकाशा समजावत होतात. "बाबा, आई..." म्हटलं, तर तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही." मी गप्प उभी राहिले. बाबा, मी उभीच राहिले! आपण घरी पोचलो तेव्हा शेजारच्या आयरिश बाई आईला हॉस्पिटलात घेऊन गेल्या होत्या. बाळ वाचलं नाही. त्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पंधरा दिवसांनी नवं कुटुंब जेवायला आलं आणि आई पोळ्या लाटत होती.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. काल मलाही बोलायला सांगितलं होतं. हे सगळं बोलायचं ठरवून गेले होते. माईकसमोर तुमची बस, तुमची शाळा, तुमचा हॉल, एवढंच बोलले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मला छान वाटलं.

संध्याकाळी आईकडे गेले. तिला आता घराबाहेर पडवत नाही. चहा घेताना तिने हळूच विचारलं, "माझं काही बोललीस का गं?"

"हो," मी म्हटलं. "खूप बोलले."