उन्हाला लावलेला कागद

माननीय दादासाहेब यांस,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? (मागच्या पत्रात पाठ होती, त्याच्या आधीच्या पत्रात गुडघा होता; दुखणं वर चढतंय, म्हणजे प्रगती आहे.) वहिनींना नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमची बहीण बरी आहे आणि मी बरा नाही असं तिचं मत आहे. सासूबाईंची तब्येत तर इतकी उत्तम आहे की घरातल्या बाकीच्यांना आजारी असल्यासारखं वाटतं.

तुम्ही लिहिलंत की नव्या घरात आईची खोली तयार आहे, भिंतींना फिकट हिरवा रंग दिलाय, आता तिला न्यायला कधी येऊ? प्रश्न रास्त आहे. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं होतं की जावईबापूंचं रॉकेट पुरं झालं की निघते. हातातला पेशंट अर्धवट टाकून ड्यूटी बदलणं त्यांच्या रक्तात नाही. तेव्हा रॉकेटचं कुठवर आलं, एवढंच तुम्हाला कळायला हवं. ते दोन ओळींत सांगता येईल, पण तुम्ही माझी पत्रं आधीही वाचली आहेत.

हे रॉकेट म्हणजे खऱ्याच्या शंभरातला एक भाग, प्लास्टिकचं, सुटे भाग जोडून करायचं. ज्या खोक्यातून ते निघालं तो खोका मी शाळेत असताना दुकानाच्या काचेत पाहिला होता. तेव्हा मिळाला नाही. मग मी मोठा झालो, टक्कल पडलं, ते दुकान बंद व्हायला आलं आणि म्हातारा दुकानदार मागची फळी आवरत असताना तोच खोका धुळीसकट माझ्या हातात आला. (काही माणसांना या वयात देव भेटतो. मला खोका भेटला.) आत सगळे भाग जिथल्या तिथे होते, फक्त कोणताही भाग दुसऱ्याला बसत नव्हता. टाकीचे दोन अर्धे एकमेकांकडे असे बघत होते, जसे आमच्या ऑफिसातले दोन उपव्यवस्थापक. फटीत पुट्टी भरा, वाळवा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा फट दिसते, पुन्हा भरा. जेवायच्या टेबलावर कित्येक महिने पांढरी पूड होती. तुमची बहीण एवढंच म्हणाली, "तुमचं रॉकेट उडेल तेव्हा उडेल, आधी टेबल तरी मोकळं करून उडवा."

म्हणून मी बाडबिस्तरा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेलो. घरात ऊन येणारी खिडकी तेवढीच, आणि रंग वाळायला ऊन लागतं. तोवर आमचं संभाषण म्हणजे "जेवलात?" "हो." इतकंच होतं. आता, ज्या बाईने उभं आयुष्य मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून काढलं, तिच्या खोलीत तुम्ही गोंदाचे हात घेऊन शिरलात तर काय होईल? पहिल्या दिवशी मला हात धुवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातला चिमटा (तुमच्या बहिणीचा, भुवयांचा) काढून घेतला आणि विचारलं, "याने तुम्ही यंत्र जोडताय की याला छळताय?" त्या दिवसापासून रॉकेट हा पेशंट झाला. त्याला वारा लागू द्यायचा नाही, त्याच्यासमोर शिंकायचं नाही, आणि रात्री अंगावर स्वच्छ पंचा. मला सर्दी झाली तेव्हा मात्र कोणी पंचा घातला नाही.

सगळ्यात वर जी टोपीसारखी कुपी असते, तिच्यात तीन अंतराळवीर बसतात. एकदा कुपी चिकटवली की आतलं कोणालाही कधीही दिसत नाही. तरी खरा छंदिष्ट आतली घड्याळं, बटणं, पट्टे, सगळं दात कोरायच्या काडीने रंगवतो. का, ते विचारू नका; विचारणाऱ्यांची घरं सुखी असतात. मी सगळं रंगवलं, एका वीराला तर मिशीही काढली. कुपी चिकटवली, वरून रंगाचा हात दिला, अभिमानाने मागे सरकलो, आणि गोंदाच्या बाटलीच्या झाकणात तिसरा वीर बसलेला दिसला. मिशीवाला. उघडायचं म्हणजे कुपी फोडायची. सासूबाईंनी चष्मा वर केला. "वॉर्डाचं दार लावण्याआधी डोकी मोजायची असतात, जावईबापू." पण मी ब्लेड उचललं तेव्हा त्यांनीच माझा हात धरला. "राहू दे त्याला. सगळेच वर गेले तर खालून हात कोण हलवणार?" तेव्हापासून तो खिडकीच्या कट्ट्यावर कापसाच्या बोळ्यावर बसून असतो. तोंड आकाशाकडे. माणूस कामावर जायचा राहिला की इतका प्रसन्न दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता उरलं आहे एकच काम. रॉकेटवरची अक्षरं, आकडे आणि पट्टे एका कागदावर छापलेले असतात. पाण्यात भिजवले की सुटतात, मग चिमट्याने जागेवर सरकवायचे. (आम्ही त्याला डिकल म्हणतो, तुमची बहीण 'अजून एक निमित्त' म्हणते.) जुन्या खोक्यातला हा कागद इतक्या वर्षांत पिवळा पडतो. त्यावर छंदिष्टांचा एक रामबाण उपाय आहे: कागद खिडकीच्या काचेला लावायचा आणि ऊन खाऊ द्यायचं. काही आठवड्यांत पिवळेपणा उडतो. माझा उडत नाही! किती आठवडे झाले, कागद जसाच्या तसा, एखाद्या जुन्या लग्नाच्या फोटोसारखा. मी संध्याकाळी ऑफिसातून येतो, बूट न काढता काचेपाशी जातो आणि बघतो. काही नाही. पूर्वी दुधात भेसळ होती, मग तेलात आली, आता उन्हातही सुरू झाली असावी.

मग वाटलं, काच मळकी असेल. आतून पुसली. बाहेरून पुसायला खिडकीतून उतरून छज्ज्यावर उभा राहिलो, एका हाताने चौकट धरून. समोरच्या इमारतीत दातांचे डॉक्टर बसतात. त्यांनी मला पाहिलं, एका पेशंटला आ वासलेला सोडून ते खिडकीत आले आणि ओरडले, "अहो, थांबा! कुठलंही दुखणं कायमचं नसतं!" मी म्हटलं, काच पुसतोय. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. खाली माणसं जमली. शेवटी सासूबाईंनी खिडकीत येऊन जाहीर केलं, "ते माझे जावई आहेत," आणि सगळ्यांना एकदम सगळं समजल्यासारखं झालं.

दादासाहेब, एक मात्र सांगतो. रविवारी दुपारी त्या खोलीत एकदा येऊन बसा. ऊन कलतं, काचेवरचा कागद आतून उजळतो, त्यातले आकडे उलटे आणि धूसर दिसतात, जसे झोप लागता लागता आठवणारे हिशेब. सासूबाई खुर्चीत, पाय उन्हात, डोळे अर्धे मिटलेले. कट्ट्यावर ते पांढरं, बिनअक्षरांचं रॉकेट. सूर्य खाली जातो तशी रॉकेटची सावली फरशीवरून पलंगावर चढते, पलंगावरून भिंतीवर, भिंतीवरून हळूहळू छताकडे. सासूबाई म्हणतात, "निघालं बघा." मग ऊन जातं, आणि आम्ही दोघं थोडा वेळ तिथेच बसतो, ते कुठे पोचलं असेल याचा अंदाज घेत. याहून मोठं उड्डाण त्या रॉकेटच्या नशिबी नाही, आणि माझ्याही.

असो. कागद पांढरा झाला की दुसऱ्या दिवशी अक्षरं चढतील आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही आईंना न्यायला मोकळे. एवढंच कळवायचं होतं. लोभ आहेच, तो पाठदुखीइतका तरी टिकावा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. आईंच्या पेटीत बारीक टोकाचा जुना चिमटा होता, तो तुमच्याकडे राहिलाय म्हणे. पाठवून द्या. अक्षरं त्यानेच चढवायची असा हुकूम आहे.

ता. क. २. चिमटा सावकाश पाठवला तरी चालेल. पोस्टात गहाळ झाला तरी माझी तक्रार नाही.

ता. क. ३. बरं, स्पष्टच लिहितो. येऊ नका. म्हणजे या, जेवा, पाठ शेकून घ्या, पण त्यांना नेऊ नका. तुमच्या हिरव्या खोलीत दुसरं काहीतरी ठेवा. मी त्या दुकानदाराकडून आणखी एक खोका आणून कपाटावर लपवला आहे. त्याचाही कागद पिवळाच आहे, मी खात्री करून घेतली. हे आईंना बोलू नका. पाकीट आईच ओल्या कापसाने डकवतात (थुंकी लावलेली पाकिटं त्यांना चालत नाहीत), पण दुसऱ्याचं पत्र वाचायच्या नाहीत, शिस्तीच्या आहेत.

बाळ, दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही, पण पेशंटची केस वाचावी लागते. कपाटावरचा खोका मी केव्हाच पाहिलाय, त्यावर धूळ आहे, पुसून घेईन. चिमटा पाठव. कागद पांढरा होत नाही यात उन्हाचा काही दोष नाही. जावईबापू ऑफिसला गेले की मी तो काढून पोथीसारखा उशीखाली ठेवते आणि ते यायच्या आत परत काचेला लावते. फक्त रविवारी राहू देते. त्यांना सांगू नकोस. छज्ज्यावर पुन्हा उतरले तर मी हात धरीन, पण सासूच्या खोलीत येऊन बसायला जावयाला काहीतरी कारण लागतं. — आई