चाळीस मिलिमीटरची पन्हळ

शनिवार, ११ जानेवारी २०१४. सकाळचे सव्वासात.
गुढियारीत, आमचे मालक श्यामराव यांच्या कूलर कारखान्यात नमुन्यासाठी पुठ्ठा कापत बसलो आहे. अजून कुणी आलेले नाही. धाकट्या बहिणीच्या, पायलच्या कॉलेजच्या रोबोटचा चाकांचा सांगाडा मी करणार! तिनेच तिच्या निरंजन सरांना सांगितले — "भैया को पत्रे का काम आता है." सांगाडा स्पर्धेत टिकला तर कॉलेजच्या वर्कशॉपात मदतनीसाची जागा, असे सर म्हणाले. डिप्लोमा अर्ध्यात सुटलेल्याला असे कोण विचारतो? पुठ्ठा तीनदा मोजला.

१४ जानेवारी
दोन बाजूंना पत्र्याच्या दोन पन्हळी, चाके आणि साखळी त्यांच्या आत. रुंदी चाळीस मिलिमीटर. वाढवली की मधे बॅटरी मावत नाही.

१७ जानेवारी
दोन्ही पन्हळींची एकेक कड वाकली. दुसरी वाकवताना पहिली कड पत्रा वाकवायच्या मशीनच्या जाळीला अडते. बोटे आत जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी.
श्यामराव ओरडले, "काहून येवढी अरुंद केली बे? पंचावन्न कर! जाळी काढाची नाही, सांगून ठेवतो."
पंचावन्न केली तर सगळा आराखडा पुन्हा. स्पर्धेची तपासणी वीस तारखेला!

१८ जानेवारी
कडा वेगळ्या कापून बोल्टने जोडून पाहिल्या. वजन आठशे ग्रॅम जास्त — नियमाबाहेर. पायल हळूच म्हणाली, "भैया, अभिनव बोल रहा है भिलाई से बनवा लेंगे." अभिनव म्हणजे त्यांच्या टीमचा म्होरक्या. भिलाईहून आणला तर माझी जागा गेली.
रात्री ताट तसेच राहिले. आई म्हणाली, "जेवत काहून नाही रे पोट्ट्या? पत्रा वाढू का?"
हसू आले नाही.

१९ जानेवारी, रविवार
कारखाना बंद. साफसफाई करतो म्हणून किल्ली मागितली. श्यामरावांनी लगेच दिली. "हव. पण एकट्याने मशीन चालवू नको."
दोनच कडा उरल्या आहेत.
जाळी चार स्क्रूंवर आहे.

२ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितो आहे. एका ओळीला फार वेळ लागतो.
पायलने पन्हळी पुसून नेल्या. बरोबर बसल्या. रोबोट स्पर्धेत दुसरा आला.
आज निरंजन सर पेढे घेऊन घरी आले. पायलने त्यांना मला ताप आहे एवढेच सांगितले होते. जागेचा कागद पुढे करून म्हणाले, "कर सही. उद्यापासून ये."
उजवा हात चादरीतून काढला नाही.