अर्धलीच्या शेळ्या आणि माझा अर्ज

बाई,

तुला आम्ही आई कधी म्हटलंच नाही. वस्तीवरचे सगळे बाई म्हणायचे म्हणून मीही तेच शिकलो. तू गेलीस त्याला आता अठरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं एकदाही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. आज वाटलं, कारण मी पंचेचाळीस वर्षांचा झालोय आणि गेली दोन वर्षं ज्या एका गोष्टीच्या मागे लागलो होतो, ती तुझ्याकडे होती अशी माझी समजूत होती. मी नोकरी सोडणार होतो. त्याचं काय झालं ते तुला सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

वाळूजच्या कंपनीत मला बावीस वर्षं झाली. पहिल्या पाळीची बस पावणेसहाला पडेगावच्या नाक्यावर येते, गेटवर मशीनवर अंगठा ठेवायचा, दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका शोधायच्या आणि परत अंगठा ठेवून बाहेर पडायचं. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो, त्यावरच घर झालं आणि पोरगी शिकते आहे. पण चाळिशी उलटली आणि काय झालं कुणास ठाऊक, रोज तो अंगठा ठेवताना माझं डोकं फिरायला लागलं. मग मी मोबाइलवर ती भाषणं ऐकायला लागलो. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक पोरगेला माणूस सांगायचा की पन्नाशीच्या आत आर्थिक स्वातंत्र्य मिळवा. म्हणजे पैसा असा आपोआप येत राहिला पाहिजे की कुणाच्या हजेरीपटावर नाव ठेवायची गरज पडू नये. तो म्हणायचा, तुम्ही झोपेत असतानाही पैसा आला पाहिजे. तुला हे ऐकवलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे: "झोपंत लांडगा येतो, पैसा नाय येत." पण मला ते पटलं होतं, आणि ते ऐकताना मला सारखी तूच आठवायचीस.

कारण तू एकदा आलेली कायमची नोकरी नाकारली होतीस. मी अकरावीला होतो. छावणीतल्या एका शाळेच्या मोठ्या बाईंच्या घरी, त्यांच्या नातवासाठी, तू शेळीचं दूध घालायचीस. त्यांनी शाळेत आयाची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली होती. पगार, सुट्ट्या, पुढे पेन्शन. बाप जाऊन सहा वर्षं झालेली, मेंढरं त्याच्या आजारपणात विकलेली, उरल्या होत्या त्या शेळ्या. आणि तू चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता, जसं काही पाहुण्यांचं बोलावणं परत पाठवावं तसं मला सांगितलंस, "मी नाय म्हणून आले त्यांला. घंटा वाजली का उठायचं अन् घंटा वाजली का बसायचं, हे मह्यानं व्हायचं नाय." मी असा भडकलो की ताटावरून उठलो. म्हणालो, तुला तुझी मजा सोडवत नाही, तुझ्या शेळ्यांपायी मी कॉलेज सोडू का? तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाण्याचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "बस खाली. अन्नावर राग काढायचा नाय. राग आला असंल तर मह्यावर काढ." मी कॉलेज सोडलंच. आयटीआय केलं, तेही तुझ्याच शेळ्या विकून, पण तेव्हा ते माझ्या खिजगणतीत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी बायकोला सांगत आलो की माझ्या आईनं शेळ्यांपायी माझं शिक्षण घालवलं. तू ते दारात बसून ऐकलंही आहेस.

आता कळतं की त्या वेळी तू माझ्या आजच्याच वयाची होतीस. आता मला तुझा हेवा वाटतो. पाचोडला जावंसं वाटलं की तू जायचीस, कुणाची परवानगी काढायची नाहीस. पाचोडच्या आसपासच्या वस्त्यांवर तुझ्या पंधरा-वीस शेळ्या अर्धलीनं दिलेल्या असायच्या. शेळी आपली, सांभाळणं तिथल्या बाईचं, होणारी करडं निम्मी-निम्मी. मला वाटलं, हेच ते. ज्याला तो इस्त्रीवाला आपोआप येणारा पैसा म्हणतो, तो माझी अडाणी आई तीस वर्षांपूर्वी कमवत होती. कंपनीत मी दोघा-चौघांना हे फुशारकीनं सांगितलंसुद्धा.

म्हणून मी बोनसच्या पैशांतून आठ शेळ्या घेतल्या. पाचोडच्या पुढे एका वस्तीवर तुझ्या शेळ्या सांभाळणारी ती मावशी राहते, तिच्याकडेच नेऊन दिल्या. तिनं मला ओळखलं नाही, पण तुझं नाव सांगितल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बाईचं लेकरू व्हय तू? लई वाळला रे." चहा झाला, शेळ्या उतरवल्या, प्रत्येकीच्या कानात मी पिवळा बिल्ला मारून आणला होता. मावशीनं तो बिल्ला बोटानं चाचपून बघितला. माझा बेत असा होता की आठाच्या तीस होऊ द्यायच्या, मग नोकरीला राम राम ठोकायचा. त्यानंतर मी तिकडे दोनदा गेलो. पुढे फोनवरच विचारत राहिलो, कारण आठवड्याची एक सुट्टी आणि तेवढ्यासाठी पाचोडला कोण जाणार.

तुझ्याबरोबर मी एकदाच तिकडे आलो होतो, सातवी-आठवीत असेन. एसटीतून उतरून आपण ऊन डोक्यावर येईपर्यंत तीन वस्त्या पायी फिरलो. मला एवढंच आठवत होतं की तू फार वेळ घालवायचीस. प्रत्येक घरी बसायचीस, गुडघा कसा आहे विचारायचीस, कुणाची सून बाळंत झाली तर पिशवीतून कुंची काढून द्यायचीस, सोयरीक जुळत नसली तर एखादं स्थळ सुचवायचीस, आणि सगळं झाल्यावर उठता उठता गोठ्यात डोकावून शेळीची पापणी उलटून बघायचीस. मी कंटाळून म्हणालो होतो, आधी शेळ्या बघ ना, मग बस बोलत. तू मला गप्प केलंस. आणि ह्याच मावशीच्या घरी तो प्रकार झाला होता. तुझी एक गाभण शेळी मेली होती. शेळी मेली की सांभाळणाऱ्यानं मालकाला कातडं दाखवायचं, म्हणजे विकून खाल्ली नाही हे कळतं, अशी रीतच होती. मावशीनं वाळलेलं कातडं आणून तुझ्या पुढ्यात टाकलं. ती रडत होती. तू तिकडे बघितलंसुद्धा नाहीस. "झाक ते," म्हणालीस. "मी काय पंचनामा कराया आले का? चहा टाक." मला ते सगळं आठवत होतं, बाई, फक्त ते काम आहे हे मला समजलं नव्हतं. मी त्याला तुझ्या गप्पा समजत होतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या दोन शेळ्या मेल्या. मावशीच्या सुनेनं फोन केला. मी तेव्हा कंपनीत होतो, एका सदोष पेटीवरून साहेबाशी वाद चाललेला, त्याच तोंडानं मी म्हणालो, "फोटो पाठवा. कानातला बिल्ला दिसला पाहिजे." तिनं फोन ठेवला. संध्याकाळी फोटो आले, दोन मेलेली जनावरं, बिल्ले स्पष्ट दिसत होते, आणि एकीचं डोकं वर धरलेला एक म्हातारा हात. मी 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं.

दिवाळीच्या आधी रविवारी सकाळी घरासमोर टेम्पो येऊन उभा राहिला. मावशी स्वतः पुढे बसून आली होती. सहा शेळ्या आणि माझ्या वाट्याची पाच करडं तिनं फाटकापाशी उतरवली. एकही कमी नव्हतं, उलट तिच्या वाट्यातलं एक मादी करडू, चांगली पाठ, तिनं जास्त घातलं होतं. आपलं पडेगाव आता तू ओळखणार नाहीस, जिथं तू चारायचीस तिथं ओळीनं घरं झाली आहेत, त्यातल्याच एकात मी राहतो. शेळ्या शेजाऱ्याच्या गाडीपाशी जाऊन त्याच्या कुंड्या खायला लागल्या आणि तो वरून ओरडायला लागला. मी मावशीला आत या म्हणालो, ती आली नाही. बायकोनं दिलेलं पाणी मात्र उभ्यानं प्याली.

"मावशी, माझं चुकलं असेल तर बोला," मी म्हणालो.

"तुहं काय चुकलं? तू मालक हाईस," ती म्हणाली. "तुह्या मायनं तेरा वर्षं शेळ्या ठिवल्या मह्याकडं. एकदा कातडं बघितलं नाय. मही पोरगी गेली तवा चार दिस ऱ्हायली ती मह्या घरी. तू फोटू मागितला. बरं केलं. पर आता मह्यानं नाय सांभाळणं व्हत."

एवढं बोलून ती टेम्पोत बसली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली, आजही वाटते. पुढच्याच बाजाराला मी सगळी जनावरं छावणीत नेऊन विकली. मावशीकडे जाऊन यावं असं दर आठवड्याला ठरवतो आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडतो.

त्याच महिन्यात कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. चाळीस वर्षांवरच्या कुणीही अर्ज करावा, एकरकमी पैसे घ्यावेत आणि जावं. ज्या दिवसाची दोन वर्षं वाट बघत होतो तो असा पायानं चालत आला होता. अर्ज आणला, भरला. बायकोला आधी धाकधूक होती, पण मग तीही तयार झाली. म्हणाली, एवढी वर्षं तुम्ही आमच्यासाठी उठलात, आता आपण मिळून काहीतरी करू, पोरीचं शिक्षण होईल त्या पैशात. तिनं तर धंद्यासाठी गावाबाहेर भाड्यानं जागासुद्धा बघून ठेवली होती. पंधरा दिवस तो अर्ज माझ्या डब्याच्या पिशवीत कंपनीत जात होता आणि परत येत होता. मी विचार करायचो की सुटल्यावर मी सकाळी उठून करणार काय, कुणाच्या घरी जाणार. तुला विचारणारी वीस घरं होती. मला गेटवरच्या मशीनखेरीज कुणी विचारत नाही. तू मोकळी होतीस, पण रिकामी एक दिवस नव्हतीस, आणि मला हवं होतं ते फक्त रिकामपण. हे एकदा मनात आलं आणि मग तो अर्ज माझ्यानं देववेना.

शेवटची तारीख होती त्या दिवशी मी कार्यालयाच्या दारापर्यंत गेलो आणि मालाच्या पेट्या मोजायच्या आहेत म्हणून परत आलो. संध्याकाळी घरी सांगितलं की कंपनीनं योजना मागे घेतली. बायकोला फार वाईट वाटलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मलाच धीर दिला, कंपनीला चार शिव्याही घातल्या. मी जेवलो.

योजना कुणी मागे घेतली नव्हती, बाई. मी घाबरलो.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं. पोस्टातून काही आलं की मीच तुला वाचून दाखवायचो आणि तू माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचीस. हेही पत्र तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ती वरची ओळ मी गाळली असती.