लोकाची ताटली

६ एप्रिल, शनिवार
शेजारच्या एमिकोबाई आल्या! मला इथे परदेशात, लेकाकडे फ्लॅट बुशला येऊन दोन महिने झाले, पण आजवर आम्ही कुंपणावरून नुसत्या माना हलवत होतो. हातात ताटली, ताटलीत त्यांच्या झाडाचे फिजोआ. फिजोआ ठीक — पेरूचा लांबचा नातेवाईक. पण ताटली! पांढरीशुभ्र, चिनीमातीची, वर हिरवी पानं, जांभळी फुलं. बोट फिरवलं की रंगांचा उठाव लागतो. सूनबाई निवेदिता म्हणाली, "त्या स्वतः रंगवतात, आई. जपानमध्ये शिकल्यात. गॅरेजमध्ये भट्टी आहे."
ठेवूनच घ्यावीशी वाटते. पण लोकाचं भांडं!

८ एप्रिल
ताटली परत केली. रिकामी कशी द्यायची? सहा बेसनाचे लाडू घातले. एमिकोबाई आपल्या "फॉर यू, कांचन-सान, फॉर यू!" म्हणत ताटली माझ्याचकडे पुढे करतायत. लाडू नको म्हणतात की काय! "नो नो, यू टेक!" म्हटलं आणि हातात कोंबून आले.

२० एप्रिल
पुन्हा ताटली! दुसरीच. निळ्या लाटा, पिवळा चंद्र. वर तांदळाचे मऊ गोड गोळे. लेक धैर्यशील म्हणाला, "हीप्स असतील तिच्याकडे, आई." हीप्स म्हणजे ढीगभर. असतील बापडीकडे. चिवडा भरून परत दिली. त्यांचा चेहरा जरा पडला. तिखट झाला असेल का? पण चाखला तरी कुठे होता!

४ मे
तिसरी. सोनेरी काठ!! धैर्यशील तिच्यात वरण घेऊन मायक्रोवेव्हकडे निघाला — हातावर चापट मारली. दुपारभर समोर ठेवून बघत बसले. एमिकोबाईंना हिचा विसर पडावा, असंही मनात आलं. शी! या वयात!

५ मे
परत केली. वर चार पुरणपोळ्या. हात निघत नव्हता.

२५ मे
चौथी! लाल डाळिंबं, दाणा न् दाणा वेगळा. मी रडकुंडीला. निवेदिता म्हणाली, "राहू द्या ना आठवडाभर." नको, मोह वाढतो. तासाभरात शंकरपाळे घालून परत.

८ जून
पाचवी आली. कोरी! सोबत ब्रश, रंगांच्या पाच डब्या आणि चिठ्ठी. निवेदिताने वाचून दाखवली —
"कांचन-सान, चारही तुमच्यासाठीच रंगवल्या होत्या. एकही आवडली नाही, माफ करा. ही तुम्हीच रंगवा, मी भाजून देते."
अहो, मला चारही हव्या होत्या!